पापणीचा उंबरठा

बार्शी,
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मृदुला हिस,


तुझी बाटली गेल्या रविवारी पोचली. प्रशांतने ती रुमालात गुंडाळून, डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आणली. म्हणाला, "मावशी, ताईने डोळ्यात घालून बघायला सांगितलंय आणि खरंखरं मत कळवायला सांगितलंय." डोळ्यात मी ती घातली नाही. खरंखरं मत मात्र कळवते आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतेस आणि फोन ठेवला की तुला हवं तेच करतेस. शिवाय पत्र असलं की तुझ्या बचत गटातल्या बायकांना वाचून दाखवता येईल.

बाटली देखणी आहे. लेबलावर तू दिलेलं नाव तर फारच गोड आहे, ते वाया घालवू नकोस. आत काय आहे तेही प्रामाणिकपणे लिहिलं आहेस: त्रिफळ्याचा काढा, गुलाबपाणी, मध, चिमूटभर तुरटी आणि भीमसेनी कापूर. पण त्याखालची ओळ वाचून माझा चहा गार झाला. "डोळ्यांची आग, लाली, चिपडं, चष्म्याचा नंबर व मोतीबिंदू यांवर गुणकारी." अगं, बत्तीस वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या मावशीला विचारून तरी लिहायचंस!

तर आधी बाटलीचं काय झालं ते सांगते. रविवारी मी ती तुळशीकडच्या खिडकीत ठेवली. बुधवारी सकाळी उन्हात धरली, तर तळाशी गाळ बसलेला आणि मधोमध कापसाच्या धाग्यासारखं काहीतरी तरंगत होतं. बाटली हलवली की ते विरघळत नव्हतं, नुसतं वेटोळं घालत होतं. ती बुरशी. आज तिची चांगली झुपकेदार शेपटी झालेली दिसली. तुझ्याकडच्या बाटल्याही अशाच उन्हात धरून बघ. काही दिसलं नाही तरी हुरळून जाऊ नकोस, कारण जंतू दिसतील इतके वाढायच्या आधीही ते असतातच.

तू म्हणशील, काढा वीस मिनिटं खळखळून उकळला होता. उकळला असशील. पण काही जंतूंची बीजं उकळीलाही दाद देत नाहीत, आणि जे मरतात त्यांच्या जागी नवे यायला कितीसा वेळ? गाळायचं मलमलचं फडकं, नरसाळं, बाटली, तुझे हात, स्वयंपाकघरातली हवा, सगळीकडून ते येतात. आणि काढा म्हणजे त्यांना वाढून ठेवलेलं ताट. त्यात ड्रॉपरचं टोक एकदा पापणीला लागलं की डोळ्यातली घाण बाटलीत गेलीच. औषधाच्या कारखान्यात हेच थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक छिद्रांच्या गाळणीतून काढतात, निर्जंतुक खोलीत भरतात, आणि तरीसुद्धा बाटली उघडल्यावर महिनाभरात फेकून द्या असं वर छापतात. मलमलच्या फडक्याने त्याची बरोबरी होत नाही, मग ते कितीही सोवळ्यातलं असो.

बरं, एवढी काळजी डोळ्याचीच का? पोटात यापेक्षा वाईट गोष्टी जातात आणि पचतात. कारण डोळ्याचं बुबुळ ज्या पारदर्शक काचेखाली असतं ती काच, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिनी नाही, असती तर पलीकडचं दिसलं नसतं. म्हणून हाताला कापलं तर रक्त धावून येतं, तसं तिथे येत नाही. वरची अगदी पातळ साल खरवडली तर दोन-तीन दिवसांत भरून निघते. जखम त्याखाली उतरली की भरते, पण वण पांढरा राहतो. आपण त्यालाच 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतो. गुडघ्यावरचा वण लुगड्याखाली झाकतो, हा वण मात्र माणसाच्या आणि जगाच्या मधोमध येऊन बसतो.

आज श्रावणी शनिवार. मारुतीला रुईच्या पानांची माळ घालून आले आणि दर वर्षीप्रमाणे माझीच फजिती आठवली. मी तेव्हा सोळा वर्षांची. कुंपणाकडेला रुईची पानं तोडताना देठाचा चीक उडून डाव्या डोळ्यात गेला. क्षणभर चरचरलं आणि थांबलं. दुखत नाही म्हणून मी तशीच माळ ओवत बसले. आजीने पदराने डोळा पुसला, वर दुधाचे दोन थेंब घातले. संध्याकाळी दिव्याभोवती मला धुक्याचं कडं दिसायला लागलं, आणि सकाळी त्या डोळ्याने आजीचा चेहराच नीट दिसेना. दुखत मात्र काहीच नव्हतं. रुईच्या चिकाची हीच लबाडी आहे. तो कॉर्नियाच्या आतल्या थराला सुजवतो आणि दुखणं जाणवूच देत नाही. डॉक्टरांच्या थेंबांनी पंधरा दिवसांत दिसायला लागलं, नशीब माझं. त्या दिवशी आजीने दुधाऐवजी हौदाकाठी नेऊन तांब्या-तांब्याने पाणी मारलं असतं, तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

ही गोष्ट मी आजीला नावं ठेवायला सांगत नाही. तिच्या हाताला गुण होता आणि तिच्या पुष्कळ गोष्टी आजही बरोबर आहेत. फक्त त्या कुठवर चालतात याची रेघ तिला कोणी आखून दिली नव्हती. ती मी तुला आखून देते. डोळ्याचं घर धरलं तर पापणी हा त्याचा उंबरठा. उंबरठ्याच्या बाहेर घरगुती उपाय खुशाल करावेत. पोटातून, म्हणजे ताटातून, जे द्यायचं तेही द्यावं. उंबरठ्याच्या आत मात्र घरी केलेला एक थेंबही जाऊ द्यायचा नाही.

उंबरठ्याबाहेर काय काय चालतं ते आता मनापासून सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे.

रांजणवाडी आली की आजी तळहातावर बोट घासून गरम करायची आणि त्यावर टेकवायची. त्यातली ऊब खरी. मात्र बोटाऐवजी स्वच्छ सुती कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, बंद डोळ्यावर पाच-दहा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांची तोंडं गोठलेल्या तुपासारखी बुजलेली असतात, ती उबेने मोकळी होतात. एका डोळ्याचं कापड दुसऱ्याला लावायचं नाही. रांजणवाडी पिळायची नाही. लवंग उगाळून लावायचीच असेल तर निदान पापणीच्या कडेपासून लांब, पण खरं सांगू, गुण येतो तो उबेचा, लवंगेला फुकट मान मिळतो.

डोळे शिणले, खाज सुटली, तर गार पाण्याची पट्टी, काकडीची स्वच्छ धुतलेली चकती किंवा गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस, हे सगळं मिटलेल्या डोळ्यावर चालेल. तेच गुलाबपाणी उघड्या डोळ्यात नको. ते चेहऱ्याला लावायला केलेलं असतं, निर्जंतुक नसतं. मोबाईलवर तासन् तास बघून आग होते त्यावर तर बिनपैशाचं औषध आहे. पडद्याकडे बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो आणि डोळा कोरडा पडतो. दर वीस मिनिटांनी मान वर करून वीस सेकंद लांबच्या झाडाकडे बघायचं आणि पापण्या सावकाश मिटायच्या. तुमच्या अंगणातला आंबा त्यासाठी उत्तम.

काजळाचं मला माहीत आहे, तुझ्या जावेच्या बाळावरून घरात वाद चालू आहे. आजीही एरंडेलाचा दिवा लावून, वर तांब्याची ताटली पालथी घालून काजळ धरायची आणि लोण्यात खलायची. ते दृश्य मलाही अजून सुंदर वाटतं. पण काजळ म्हणजे शेवटी काजळी, आणि ती आत घालणारं बोट नखासकट असतं. बाळ हलतं, नख लागतं. बाजारच्या सुरम्यात तर पुष्कळदा शिसं असतं. बाळ डोळे चोळतं, बोटं तोंडात घालतं आणि ते शिसं पोटात जाऊन मेंदूच्या वाढीला बाधतं. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. दृष्टीचीच भीती असेल तर घरच्या काजळाची तीट कानामागे किंवा तळपायाला लावा. सासूबाईंचा शब्द राहील आणि बाळाचा डोळाही.

त्याच बाळाच्या एका डोळ्यातून सारखं पाणी येतं असं तू म्हणाली होतीस. डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची बारीक नळी पुष्कळ बाळांत जन्मतः नीट उघडलेली नसते. बहुतेकांची वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. डॉक्टर नाकाच्या कडेने हलकं चोळायला शिकवतात, ते शिकून घ्या. त्यात आईचं दूध, मध काही पिळायचं नाही. आणि जन्मल्यापासून महिन्याच्या आतल्या बाळाच्या पापण्या सुजल्या, पिवळा पू यायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. त्यातल्या काही संसर्गांना कॉर्निया खायला दोन दिवसही पुरतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. बाटलीबरोबरच्या चिठ्ठीत तू लिहिलं आहेस, "मावशी, आमच्या आळीत सहा जणांना थेंबांनी गुण आला." आला असेल. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली, तेव्हाही असंच झालं होतं. कोणी मध घातला, कोणी गुलाबपाणी, कोणी तुरटीचं पाणी, आणि सगळे बरे झाले. साथीचे डोळे बहुधा विषाणूमुळे येतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातात. ज्याने जे घातलं त्याला त्याचं श्रेय मिळालं, एवढंच. तुझ्या सहा जणांनी काहीच घातलं नसतं तरी ते बरे झालेच असते. पण एकच बाटली सहा जणांच्या डोळ्यांना टेकली असेल, तर सातव्याचे डोळे तिनेच आणले असतील.

"झोंबतं म्हणजे घाण बाहेर पडते" हेही डोक्यातून काढ. लिंबू, कांदा, मध, कापूर घातला की डोळ्यातून पाणी वाहतं. ते डोळ्याचं रडणं असतं, आत आलेल्या आगंतुकाला धुऊन काढायची त्याची धडपड. चष्म्याचा नंबर हा बहुतेक वेळा बुबुळामागच्या गोळ्याच्या लांबीचा हिशेब असतो, थेंबांनी गोळा आखूड होत नाही. मोतीबिंदूत आतलं भिंग गढुळतं, आणि नासलेलं दूध पुन्हा दूध होत नाही. ते भिंग काढून नवं बसवणं हाच उपाय. तुझी बाटली वापरत कोणी वर्षभर थांबलं आणि तो मोतीबिंदू नसून काचबिंदू निघाला, तर गेलेली नजर कोणीच परत आणू शकणार नाही.

तुमचा भाग उसाचा, म्हणून हे मुद्दाम सांगते. माझ्या नोकरीच्या मधल्या वर्षांत ऊसतोडीवरची एक बाई आली होती. पाचटाचं पान डोळ्याला लागलं होतं, नवव्या दिवशी आली. मधल्या आठ दिवसांत कोणीतरी पदराच्या टोकाने डोळा पुसून दिला होता, मग कसल्याशा पाल्याचा रस, मग औषधाच्या दुकानातून आणलेले लाल झाकणाचे थेंब. पाला कोणता, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगणाऱ्या माणसावर राग येऊ नये म्हणून असावं. बुबुळावर पांढरा व्रण आणि त्याखाली चंद्रकोरीसारखा पुवाचा थर. पाचटाबरोबर बुरशी आत गेली होती, आणि त्या थेंबांतल्या स्टेरॉइडने तिला रान मोकळं करून दिलं होतं. रात्रंदिवस तासातासाला बुरशीचं औषध घालून आम्ही डोळा वाचवला, नजर वाचली नाही. म्हणून तुझ्या बायकांना हेही सांग की मागच्या वर्षी उरलेले थेंब, शेजारणीचे थेंब, दुकानदाराने अंदाजाने दिलेले थेंब, हासुद्धा घरगुती उपायच आहे, आणि पाल्याइतकाच घातक.

उलट वेळेवर केलेलं किती साधं असतं बघ. नेपाळमध्ये भक्तपूरला डोळ्याला ओरखडा पडलेल्या लोकांना गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस, दिवसातून तीनदा लावलं. ओरखड्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम सुरू झालं, त्यांतल्या एकालाही व्रण झाला नाही. अठरा तास! म्हणजे आज दुपारी पाचट लागलं तर उद्या सकाळी दवाखाना उघडताच हजर. तुमच्या गटाने एवढं एक वाक्य गावात पसरवलं, तरी हजार बाटल्यांचं पुण्य पदरी पडेल.

उंबरठ्याच्या आत एकाच गोष्टीला मोकळीक आहे, आणि ती म्हणजे अपघातात पाणी. चुना, रुईचा किंवा शेराचा चीक, फिनाईल, रंग, काहीही उडालं तर डॉक्टरांना फोन करायच्याही आधी पाणी. चुन्याची पुडी पोरं दाबतात आणि ती तोंडावर फुटते, हे वॉर्डात मी किती वेळा पाहिलं! पापण्या उघडून धरायच्या, नळाची बारीक धार अर्धा तास सोडायची, कोपऱ्यात अडकलेले चुन्याचे कण ओल्या कापडाने काढायचे आणि मग तडक दवाखाना. चुन्यावर लिंबाचा उतारा करायचा नाही. तेल नाही, तूप नाही, दूध नाही. मात्र एरवी तेच नळाचं पाणी कॉन्टॅक्ट लेन्सला लावायचं नाही, नणंदेला सांग. त्यातला एक सूक्ष्म जीव लेन्सखाली घर करतो आणि महिनोन् महिने छळतो.

आता आयुर्वेदाचं. तू लिहितेस, "त्रिफळा तर शास्त्रात आहे." आहेच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग वेगवेगळे मोजले आहेत. पण तिथेच अंजन केव्हा घालू नये हेही सांगितलं आहे. थकलेल्या, रडलेल्या, ताप असलेल्या माणसाला नाही. म्हणजे कोणाला, केव्हा, कोणत्या अवस्थेत याचा विचार त्या शास्त्राने पहिल्यापासून केला. शालाक्य, म्हणजे डोळ्या-कानांच्या रोगांचं आयुर्वेदातलं शास्त्र, शिकलेला वैद्य समोरचा डोळा तपासून, त्या दिवसापुरतं, त्या माणसापुरतं औषध करतो. फळीवर महिनाभर उभी राहून सगळ्यांना एकच उत्तर देणारी बाटली हे शास्त्राचं नाव घेऊन केलेलं अशास्त्र आहे. शिवाय औषध म्हणून काही बनवून विकायला, आयुर्वेदिक असलं तरी, १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो. आणि मोतीबिंदू, काचबिंदू, आंधळेपण बरं करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने थेट बंद केली आहे. तुझ्या लेबलावरची ती एक ओळ गटाला कोर्टाची पायरी दाखवू शकते.

मग गटाने करायचं काय? ताट आहे ना! शेवग्याचा पाला, राजगिरा, माठ, पालक, गाजर, पिकलेली पपई, आंबा यांतून मिळणारं अ जीवनसत्त्व कमी पडलं की पोरांना रातांधळेपणा येतो, पुढे कॉर्नियाच कोरडा पडून गळतो. या भाज्या-फळांनी चष्मा उतरत नाही, पण असलेली नजर टिकते. जरासं तेल-तूप असलं की ते अंगी लागतं, म्हणून चटणी हा उत्तम मार्ग. तुझ्या हातची शेवग्याच्या पाल्याची चटणी मी खाल्ली आहे, ती विका. लहान मुलांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत अ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस मिळतात. गावातल्या कोणाचे चुकले आहेत याची यादी करायला बचत गटाइतकं योग्य कोणीच नाही.

आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर हे लिहून लाव. डोळा दुखतो आहे, उजेड सोसवत नाही, नजर धूसर झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, पान-काडी-चीक काही लागलं आहे, लाल डोळ्याबरोबर डोकं दुखून उलटी होते, किंवा मुलाच्या बुबुळात फोटोत पांढरी चमक दिसते, तर घरी एकही उपाय नाही. शेकही नाही. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

रागावू नकोस. तू चार बायकांना उभं करू बघते आहेस, याचा मला फार अभिमान आहे, म्हणूनच एवढं लांबलं. बाटली मी उकिरड्यावर रिकामी केली. लेबल मात्र कोमट पाण्यात भिजवून अलगद सोडवलं, वाळवलं आणि या पत्रात घातलं आहे. चटणीच्या पुडीवर तेच नाव छापा. खालची ओळ मी कात्रीने कापून ठेवून घेतली आहे.

जावयांना आणि सासूबाईंना नमस्कार. बाळाला पापा.

तुझी,
मावशी